स्वयंदीप व्हा, म्हणजे कुणालाच विचारू नका काय?

भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला जो उपदेश केला, त्यातील स्वयंदीप होण्याची शिकवण आपल्या वस्त्यावस्त्यांतून सर्वांत अधिक पाठ झालेली आहे. प. पू. बाबासाहेबांनी ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केले. त्याचा शेवटही त्यांनी याच उपदेशाने केला. तेव्हा ही शिकवण आपल्या जिव्हाळ्याची असावी यात नवल नाही. परंतु नवदीक्षित कुटुंबांत तिचा एक विचित्र अर्थ रूढ होऊ पाहत आहे. आम्ही आता कुणाला विचारत नाही, आम्हाला जे पटते तेच आम्ही करतो, बुद्धानेच तसे सांगितले आहे, असे कितीतरी घरांतून अभिमानाने बोलले जाते. मुलाचे शिक्षण मध्येच थांबवायचे असो, लग्नासाठी शेतीचा तुकडा विकायचा असो किंवा भावाभावांनी कोर्टात जायचे असो, निर्णय एका रात्रीत होतो आणि त्यावर स्वयंदीपतेचा शिक्का मारला जातो.

हा अर्थ बरोबर आहे काय, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की आपल्या माणसांना 'विचारणे' या शब्दाचाच राग का यावा. पिढ्यान्पिढ्या आपण विचारतच आलो होतो. लग्नाचा मुहूर्त जोशाला विचारायचा, वाजंत्री कोणत्या रस्त्याने न्यायची ते पाटलाला विचारायचे, पेरणीला दाणे सावकाराला मागायचे आणि घरात कुणी आजारी पडले तर देवऋष्याला विचारायचे. यातील प्रत्येकाने उत्तर दिले ते स्वतःच्या फायद्याचे दिले. आपण विचारले ते पायरीखाली उभे राहून, मान खाली घालून विचारले. अशा माणसांनी धम्म स्वीकारल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हे विचारणे बंद केले. ते योग्यच केले. पण लाचारीचे विचारणे बंद करताना शहाणपणाचे विचारणेही त्याच उकिरड्यावर टाकले गेले, आणि घोटाळा झाला तो येथेच.

आता मूळ उपदेशाकडे वळू. तथागतांनी आनंदाला स्वतःचा आधार घ्यायला सांगितले, आणि त्याच वाक्यात धम्माचा आधार घ्यायला सांगितले. हे दोन तुकडे वेगळे करून चालत नाही. शिवाय स्वतःचा आधार म्हणजे काय, हेही त्यांनी लगेच उलगडून सांगितले. भिक्षूने काया, वेदना, चित्त आणि धम्म या चारींवर जागरूकतेने लक्ष ठेवून राहावे, असा त्याचा खुलासा आहे. म्हणजे स्वतःच्या मनावर पहारा ठेवणारा माणूस स्वयंदीप. मनात येईल ते खरे मानणारा माणूस नव्हे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

यावर कुणी म्हणेल, मग कालाम सुत्ताचे काय? कोणावर विश्वास ठेवू नका असे तेथे स्पष्ट सांगितले आहे ना? हे सुत्त अंगुत्तर निकायात आहे. आपल्या सभांतून त्याचा जितका उल्लेख होतो तितके ते वाचले जात नाही, असे मला नेहमी वाटते. कोसल देशातील केसपुत्त गावी कालाम लोक राहत होते. त्यांच्या गावी अनेक श्रमण-ब्राह्मण येत. प्रत्येक जण स्वतःचे मत तेवढे खरे म्हणे आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करी. लोक गोंधळून गेले. तेव्हा त्यांनी काय केले? ते भगवंतांकडे गेले आणि त्यांनी विचारले. ज्या सुत्ताचा आधार घेऊन आपण कुणाला विचारायचे नाही म्हणतो, त्याची सुरुवातच विचारण्याने होते.

भगवंतांनी तेथे दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या केवळ आधारावर एखादी गोष्ट खरी मानू नये. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आली म्हणून, लोकांत बोलवा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नये. सांगणारा भारदस्त दिसतो म्हणून मानू नये, तो आपला गुरू आहे म्हणून मानू नये. या झाल्या सहा. या सहा आपल्याला पाठ असतात, कारण त्या दुसऱ्यांना लागू पडतात. उरलेल्या चार मात्र आपण गाळतो. नुसत्या तर्काने निघते म्हणून मानू नये. अनुमानाने बसते म्हणून मानू नये. वरवरच्या विचाराने योग्य वाटते म्हणून मानू नये. आणि आपल्या आधीपासूनच्या मताशी जुळते म्हणूनही मानू नये. हे चारही दोष आपल्या स्वतःच्या डोक्यातले आहेत. भगवंतांनी जितक्या कठोरपणे पोथीला तपासायला सांगितले, तितक्याच कठोरपणे आपल्या मतालाही तपासायला सांगितले.

मग कसोटी कोणती? ही गोष्ट कुशल आहे की अकुशल, दोषयुक्त आहे की निर्दोष, जाणते लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, आणि ती आचरली तर हित होते की अहित, असे चार प्रश्न तेथे आहेत. त्यातला तिसरा प्रश्न नीट पाहा. जाणत्यांचे मत काय, हा कालाम सुत्ताच्या कसोटीचाच एक भाग आहे. तो काढून टाकला तर कसोटी अपुरी राहते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात ठेवावा. भगवंतांनी 'लोक' काय म्हणतील असे विचारायला सांगितले नाही, 'जाणते' काय म्हणतील असे सांगितले. आपल्या घरांतून नेमके उलटे चालते. मुलीच्या लग्नात पाचशे पाने उठली नाहीत तर लोक काय म्हणतील, म्हणून शेकडा तीन-चार रुपये महिन्याच्या व्याजाने कर्ज काढले जाते. त्या वेळी लोकांना विचारलेले नसते, पण त्यांच्या तोंडाला भिऊन निर्णय घेतलेला असतो. जो माणूस म्हणतो की मी माझ्या मनाने निर्णय घेतला, त्याच्या मनात शेजारी, भाऊबंद आणि व्याही बसलेले असतात, हे त्याला दिसत नाही. त्याऐवजी ज्याने तीन मुलींची लग्ने साधेपणाने, बौद्ध पद्धतीने करून त्यांना शिकवलेही, अशा वस्तीतल्या एखाद्या गृहस्थाशी तासभर बोलणे झाले असते, तर तो आकडा कागदावर मांडून दाखवू शकला असता.

स्वतःच्या मताने जाणाऱ्याची एक कथा उदान या ग्रंथात आली आहे. ती लहान मुलांनाही सांगण्यासारखी आहे.

भगवंत चालिका पर्वतावर राहत होते. त्या वेळी मेघिय नावाचा भिक्षू त्यांच्या सेवेत होता. एके दिवशी तो जंतुगावात भिक्षेला गेला. परतताना किमिकाळा नदीच्या काठी त्याला एक सुरेख आमराई दिसली. ध्यानाला ही जागा फार चांगली, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने येऊन परवानगी मागितली. भगवंत म्हणाले, थोडे थांब, दुसरा कुणी भिक्षू येईपर्यंत मी एकटाच आहे. मेघियाने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर मिळाले. त्याने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा, तू साधना करायला जातो म्हणतोस, त्यावर मी काय बोलणार, तुला योग्य वाटेल तसे कर, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. मेघिय गेला. एका झाडाखाली बसला. जागा शांत होती, हेतू चांगला होता, अडथळा करणारे कोणी नव्हते. आणि तेथेच त्याचे मन कामविचार, द्वेषविचार व हिंसाविचार या तीन विचारांनी भरून गेले. घरदार सोडून आलेला मी, आणि माझ्या मनात हे काय, असे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. संध्याकाळी तो परत आला आणि त्याने सर्व सांगितले.

या कथेतील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे मेघियाने विचारले होते. तीन वेळा विचारले होते. पण त्याला सल्ला नको होता, संमती हवी होती. आपणही पुष्कळदा असेच विचारतो. निर्णय खिशात ठेवून वडीलधाऱ्यांकडे जायचे, आणि ते नाही म्हणाले तर होय म्हणणारा मिळेपर्यंत चार घरे फिरायची. याला सल्ला घेणे म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट, भगवंतांनी त्याला अडवले नाही आणि परत आल्यावर रागेही भरले नाहीत. अपक्व चित्त पक्व होण्यासाठी पाच गोष्टी लागतात असे त्यांनी त्याला समजावून सांगितले. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे कल्याणमित्र असणे. शील, धम्मचर्चा, वीर्य आणि प्रज्ञा या इतर चार त्यानंतर आल्या, आणि ज्याला कल्याणमित्र लाभला त्याच्याकडून या चारांचीही अपेक्षा करता येते, असे ते म्हणाले. आनंदाने एकदा कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य असे म्हटले, तेव्हा भगवंतांनी त्याला सुधारले की अर्धे नव्हे, ती संपूर्णच आहे.

आता खरा अवघड प्रश्न. विचारायचे कुणाला? कारण चुकीच्या माणसाला विचारण्यापेक्षा न विचारलेले बरे, अशीही उदाहरणे आहेत. मगधाचा राजपुत्र अजातशत्रू देवदत्ताच्या सल्ल्याला लागला. देवदत्त संघातला भिक्षू होता, चीवरधारी होता, चमत्कार दाखवून त्याने राजपुत्राला भारून टाकले होते. त्याच्या चिथावणीने अजातशत्रूने आपला पिता बिंबिसार याचा जीव घेतला. पुढे एका पौर्णिमेच्या रात्री राजाला चैन पडेना. कुणाकडे जावे म्हणजे मनाला शांती मिळेल, असे त्याने दरबारात विचारले. मंत्र्यांनी एकामागून एक सहा नामांकित गुरूंची नावे सांगितली. राजा गप्प राहिला. जीवक वैद्य मात्र काहीच न बोलता बसला होता. राजाने त्याला मुद्दाम विचारले, तू का गप्प? तेव्हा जीवकाने भगवंतांचे नाव घेतले, आणि राजा त्यांच्या भेटीला गेला. उपदेश ऐकून राजा परतल्यावर भगवंत भिक्षूंना म्हणाले की याने पित्याला मारले नसते तर आज येथे बसल्या जागी याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता. एका सल्लागाराने राजाचे किती नुकसान केले ते यावरून दिसते. आणि दरबारात पुढे पुढे करून बोलणाऱ्यांत जीवक नव्हता, त्याला विचारावे लागले, हेही दिसते. आपल्या वस्तीतही असेच असते. जो आपण होऊन सल्ले वाटत फिरतो तो एक, आणि ज्याला गाठून विचारावे लागते तो वेगळा.

चीवर, पांढरे कपडे, पद किंवा भाषणाची फड यावरून जाणता ओळखता येत नाही. भगवंतांनी तर गुरूचीही परीक्षा घ्यायला सांगितली आहे. तो लोभाने, द्वेषाने किंवा मोहाने बोलतो आहे काय, ते जवळ राहून पाहावे. आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर सल्ला देणाऱ्याचा त्यात काही फायदा आहे काय, हे आधी पाहावे. जमीन विका म्हणणारा दलाल असेल, अंगठी घाला म्हणणारा अंगठी विकणारा असेल, तर प्रश्न तेथेच संपला. सिगालाला केलेल्या उपदेशातही खोट्या मित्राची खूण हीच सांगितली आहे की तो तुमच्या वाईट कामालाही हो म्हणतो, चांगल्या कामालाही हो म्हणतो. खरा मित्र अडवतो, आणि आजवर न ऐकलेले ऐकवतो.

गृहस्थांसाठी याहून सोपी खूण कोलिय देशातील दीघजाणूला सांगितली आहे. हा माणूस सरळ बोलणारा होता. आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन-फुले वापरणारी, पैसाअडका हाताळणारी माणसे, आम्हाला या जन्मी उपयोगी पडेल असे काही सांगा, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि बेताचा खर्च या चार गोष्टी सांगितल्या. कल्याणमित्र कोण, तर आपण राहतो त्याच गावातला, श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा असलेला माणूस. मग तो वयाने म्हातारा असो वा तरुण. हे वयाचे सांगणे फार महत्त्वाचे आहे. आपल्याकडे अजूनही मिशी पांढरी झाली की मत पिकले असे समजतात.

आणि तो पुरुषच असला पाहिजे असेही नाही. राजगृहाचा विशाख हा उपासक. त्याची पत्नी धम्मदिन्ना भिक्षुणी झाली. पुढे विशाख तिच्याकडे गेला आणि त्याने तिला धम्मातले एकाहून एक अवघड प्रश्न विचारले. काल जी आपल्या घरात होती तिच्यापुढे आज विद्यार्थी होऊन बसण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. तिने उत्तरे दिली. मग विशाखाने ती सारी प्रश्नोत्तरे भगवंतांना जाऊन सांगितली. धम्मदिन्ना पंडिता आहे, मला विचारले असतेस तरी मी हेच सांगितले असते, असे भगवंत म्हणाले. ज्या घरांत बायकोला काय कळते म्हणून महिला मंडळाच्या पासबुकापासून मुलाच्या शाळेपर्यंत सारे निर्णय एकटा पुरुष घेतो, त्या घरांनी हे सुत्त मुद्दाम वाचावे.

प्रत्येक बाबीचा जाणता वेगळा असतो, हेही तितकेच खरे. अंगातल्या तापाचा जाणता डॉक्टर, धम्माचा जाणता भिक्षू किंवा अभ्यासू उपासक, कर्जाच्या कागदाचा जाणता बँकेत काम केलेला माणूस. भगवंत स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी जीवकाचे औषध घेतले. सम्यक संबुद्धांनी वैद्यकात वैद्याचे ऐकले. मग आपण पोराच्या फेफऱ्यावर स्वतःच्या मनाने लिंबू-मिरची का बांधावी? किंवा नुसती वंदना म्हटली की बरा होईल असे तरी का समजावे?

कागदपत्रांची गोष्ट आजही अनेकांना छळते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. दाखल्यावर बौद्ध लिहिले की सवलती जातात, ही बोलवा अजून खेड्यापाड्यांत फिरते, आणि तिला भिऊन दीक्षा घेतलेली कुटुंबेही धर्माच्या रकान्यात जुनाच शब्द लिहितात. या भीतीला एके काळी आधार होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी अनेक वर्षे झगडावे लागले. १९९० साली संसदेने दुरुस्ती केली आणि त्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला. त्यामुळे अनुसूचित जातीतील माणूस बौद्ध झाला म्हणून त्याचा तो दर्जा आता जात नाही. इतर प्रवर्गांतून धम्मात आलेल्या कुटुंबांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. म्हणून चहाच्या टपरीवर ऐकून रकाना भरू नये आणि अंदाजानेही भरू नये. ज्याने कायदा वाचला आहे व असे दाखले काढून दिले आहेत, अशा वकिलाला किंवा कार्यकर्त्याला कागद दाखवावा. कालामांना सांगितलेली बोलवा न मानण्याची गोष्ट ती हीच.

स्वतः बाबासाहेबांचे वर्तन या बाबतीत कसे होते ते पाहा. त्यांच्याइतका स्वतंत्र बुद्धीचा माणूस दुसरा दाखवता येणार नाही. शाळकरी वयात त्यांच्या हाती बुद्धचरित्र दिले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर या दुसऱ्या समाजातल्या शिक्षकाने. गुरुजींचे ते मार्गदर्शन त्यांनी घेतले आणि आयुष्यभर त्याचे ऋण मानले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, पण कोणता धर्म, हे त्याच दिवशी ठरवून टाकले नाही. १९३६ च्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांपुढे कारणे मांडली आणि त्यांचे मत मागितले. पुढे ग्रंथ वाचले, १९५० साली सिलोनला व १९५४ साली ब्रह्मदेशाला जाऊन बौद्ध देशांतला व्यवहार डोळ्यांनी पाहिला. घोषणा आणि दीक्षा यांत एकवीस वर्षे गेली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी, मी बौद्ध झालो असे मनाशी ठरवून विषय संपवला नाही. कुशिनाऱ्याच्या वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणींकडून त्यांनी त्रिसरण-पंचशील घेतले, आणि त्यानंतर आपल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. हा सर्व निर्णय त्यांचा स्वतःचाच होता. इतके विचारून, इतके पाहून, इतके वाचून झाल्यावरही तो दुसऱ्या कुणाचा झाला नाही.

सल्ला घेतला म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला, ही भीती म्हणूनच निराधार आहे. भगवंतांनी राहुलाला आरशाचा दृष्टान्त दिला. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे, हिने माझे किंवा दुसऱ्याचे अहित होते काय हे तपासावे. हे तपासणे राहुलाने स्वतःच करायचे होते. पण काया-वाचेने चूक झालेली दिसली तर ती शास्त्याजवळ किंवा जाणत्या सब्रह्मचाऱ्याजवळ उघड करावी, असेही त्याच उपदेशात आहे. आरसा आपल्या हातात, आणि पाठीमागचे पाहायला दुसऱ्याचे डोळे.

येत्या पंधरवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक लहानसा अभ्यास करून पाहावा. घरापुढे आज जो प्रश्न उभा असेल, मग तो कर्जाचा असो, शिक्षणाचा असो की सोयरिकीचा, तो नवरा-बायको आणि जाणती मुले यांनी एकत्र बसून एका वाक्यात लिहून काढावा. त्याखाली आपल्याला काय करावेसे वाटते आणि का, तेही लिहावे. मग त्या विषयातला, ज्याचा आपल्या निर्णयात काही फायदा नाही, असा एक माणूस निवडावा आणि आपले मत न सांगता त्याला नुसता प्रश्न सांगावा. जमल्यास त्याच प्रश्नासाठी दुसऱ्याही एकाला, शक्यतो वेगळ्या वयाच्या किंवा वेगळ्या कामाच्या माणसाला, भेटावे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर लोक लगेच पांगतात, त्या वेळी दहा-पंधरा मिनिटे बसल्यास असा माणूस सहज सापडतो. ऐकताना मध्ये बोलू नये. घरी येऊन भगवंतांचे चार प्रश्न त्या सल्ल्यालाही लावून पाहावेत आणि मगच काय ते ठरवावे. वही सांभाळण्याचे काम थोरल्या मुलीकडे द्यावे. काय विचारले, कुणाला विचारले, काय उत्तर मिळाले, शेवटी काय केले, एवढे तिने तारीख घालून लिहावे, आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेला ती पाने सर्वांना वाचून दाखवावीत.